गौरी आणि जिऊबाई

वाईपासून कृष्णेच्या काठाने तीनएक किलोमीटर गेले की मेणवली लागते. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा तेथे आहे. वाड्यामागे नदीत उतरणारा चंद्रकोरीसारखा घाट, घाटावर मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ, आणि जवळच टांगलेली एक पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर ज्या घंटा देशावर आल्या त्यांपैकी ही एक. आमचे गाव तेथून जवळ. त्यामुळे पाहुणे आले की त्यांना मेणवली दाखवून आणण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. ‘नानांचा जन्म साताऱ्याचा, १७४२ सालचा’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हटले आहे की ते पाढ्यासारखे तोंडात बसले आहे. अलीकडच्या पाहुण्यांना त्यापेक्षा २००४ सालच्या ‘स्वदेस’चे चित्रीकरण येथे झाले, ही माहिती अधिक आवडते.

सांगायचे ते एवढेच, की नाना आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकातले नाहीत, गावातले आहेत. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल जसा एक अबोल अभिमान असतो, तसा त्यांच्याबद्दल असतो. हा अभिमान घेऊन मी सांगलीला शिकायला आले, आणि यंदा मराठी विभागाने ‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट दाखवला तेव्हा तोच अभिमान घेऊन पाहायला बसले.

विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात प्रथम झाले. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, आणि नानांच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली व १९७६ साली या नाटकावर चित्रपट केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशा चौघांची नावे दिग्दर्शक म्हणून घेतली जातात. घाशीरामाचे काम ओम पुरी यांनी केले. त्यांचा हा पहिला चित्रपट. बरीच वर्षे तो पाहायला मिळणे कठीण होते. मग बर्लिनमधील एका संस्थेने जपलेल्या प्रतीवरून तो नव्याने सिद्ध झाला आणि २०१४ साली तेथील महोत्सवात दाखवला गेला. मेणवलीच्या नानांची गोष्ट बर्लिनवरून फिरून सांगलीला आली, याचे आम्हा वसतिगृहातील मुलींना मोठे कौतुक वाटले.

गोष्ट थोडक्यात अशी. उत्तरेकडून आलेला घाशीराम हा गरीब, परका ब्राह्मण पुण्यात पोट भरायला येतो. बावनखणीत गुलाबीकडे नोकरी करतो. दक्षिणेच्या आशेने जातो तर चोरीचा आळ येतो, मार बसतो, कोठडी मिळते. जातीने तोही ब्राह्मणच आहे; पण पैसा नाही, ओळख नाही, बोली वेगळी. म्हणून त्याची किंमत शून्य. या अपमानाचा सूड उगवायचा तर सत्ता हवी. ती नानांकडे आहे. आणि नानांना काय हवे आहे, हे त्याच्या लक्षात येते. तो आपली कोवळी मुलगी गौरी नानांपुढे करतो आणि बदल्यात शहराची कोतवाली मागतो. कोतवाली हाती आल्यावर तो ज्या शहराने त्याला तुडवले त्या शहराला तुडवतो. तिकडे नाना नवे लग्न करतात, इकडे गौरी मरते. शेवटी कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मरतात, पुणे उठते, नाना हुकमावर सही करतात आणि जमाव घाशीरामाला दगडांनी ठेचतो. नाना मात्र जागच्या जागी असतात. ते उत्सव जाहीर करतात.

नाटकात बारा ब्राह्मणांची एक रांग आहे. ते ओळीने उभे राहिले की भिंत होते, फिरले की घर, वाकले की देऊळ. या भिंतीआड काय चालले आहे हे कधी दिसते, कधी झाकले जाते. आमच्या सरांनी चित्रपटानंतर एक गोष्ट सांगितली, ती सांगलीकरांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच सांगलीत श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केले, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ त्या प्रयोगापासून धरतात. त्या नाटकांत आधी सूत्रधार येई, गणपती येई, सरस्वती नाचत येई, विदूषक हसवी, मग आख्यान सुरू होई. ‘घाशीराम’चा आरंभही असाच आहे. गणपती येतो, सरस्वती येते, टाळ वाजतात. राजाच्या मनोरंजनासाठी सांगलीत जो थाट उभा राहिला, तोच थाट घेऊन तेंडुलकरांनी शे-सव्वाशे वर्षांनी राज्यकर्त्यांकडेच पाहिले. देवांच्या नमनाने सुरुवात झाल्यामुळे आपण निर्धास्त बसतो, आणि मग आपल्यापुढे एक बाप मुलीचा सौदा करतो. तेव्हा उठून जाण्याची वेळ गेलेली असते.

चित्रपट संपल्यावर वसतिगृहात रात्री बारापर्यंत वाद चालला. आमच्यापैकी काहीजणी चिडल्या होत्या. त्यांचे म्हणणे, ज्या माणसाने बारभाईंच्या काळात राज्य सावरले, १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत इंग्रजांना थोपवले, १७९५ साली खर्ड्याला निजामाला वाकवले, त्याला असा नाचरा, लंपट दाखवायचा? तो १८०० साली गेला आणि १८०२ संपता संपता बाजीरावाने वसईचा तह करून सगळे इंग्रजांच्या ओटीत घातले. असा माणूस बदनाम करून काय मिळवले? दुसऱ्या बाजूच्या म्हणत होत्या, हे नाटक नानांवर नाहीच. सत्ताधारी आपल्या कामासाठी एखादा घाशीराम कसा तयार करतात आणि काम झाले की कसा टाकून देतात, हे त्यात सांगितले आहे. नाना हे निमित्त.

हा वाद नवा नाही. पहिल्या एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने हे नाटक थांबवले. मग त्यातल्याच मंडळींनी थिएटर ॲकॅडमी स्थापन केली आणि १९७४ च्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० साली ते युरोपात न्यायचे ठरले तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि नाना हे थोर मुत्सद्दी होते अशा अर्थाचे निवेदन प्रयोगाआधी करायचे ठरले. म्हणजे परदेशी प्रेक्षकांना आधी ग्वाही द्यायची आणि मग पडदा उघडायचा. हे ऐकून आम्ही हसलो. पण मला ते आमच्या गावाकडचे वाटले. मोठ्या घरातले काही बोलायचे झाले तर आधी ‘माणूस देवमाणूस हो’ असे म्हणायची आमच्याकडे रीतच आहे. ते म्हटल्याशिवाय पुढचे बोलता येत नाही.

खरा घाशीराम होऊन गेला. घाशीराम सावळदास, १७७७ पासून पुण्याचा कोतवाल. १७९१ च्या ऑगस्टअखेरीस त्याने काही तेलंगी ब्राह्मणांना कोंडून घातले, त्यांतले बरेच गुदमरून मेले, लोक खवळले, नानांनी त्याला त्यांच्या हवाली केले आणि लोकांनी त्याला दगडांनी मारले. एवढे इतिहासात आहे. गौरीचे काय, यावर भांडता येते. ती नाटकाची आहे. लेखकाने रचली, त्याला काहीतरी म्हणायचे होते म्हणून रचली, असे म्हणून तिला बाजूला सारता येते. त्या रात्री तिला असेच बाजूला सारून आम्ही सगळ्या पुन्हा नानांकडे वळलो. चांगले की वाईट, थोर की लंपट. मलाही या वादात उतरायचे होते. पण माझ्या डोक्यात दुसरेच एक नाव आले होते.

ते नाव जिऊबाईचे. नानांची नऊ लग्ने झाली. १३ मार्च १८०० रोजी ते वारले तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते आणि मागे राहिलेली पत्नी जिऊबाई नऊ-दहा वर्षांची होती. बाजीरावाचा डोळा नानांच्या संपत्तीवर होता. ही पोर लोहगडावर नानांच्या इमानी माणसाच्या आश्रयाला राहिली. १८०४ साली आर्थर वेलस्ली याने मध्ये पडून गड मोकळा करवला आणि तिला कंपनीच्या संरक्षणात घेऊन पेन्शन ठरवून दिले. पुढे मेणवली तिच्याकडे आली. आम्ही पाहुण्यांना जो वाडा दाखवतो, तो नानांइतकाच तिचा आहे. तिचे नाव मात्र आमच्या पाढ्यात नव्हते.

गौरी खरी की खोटी हा वाद कितीही रंगवा, जिऊबाईबद्दल वाद नाही. तिला कोणी पळवून आणले नव्हते. तिचे रीतसर लग्न लागले, अक्षता पडल्या, सनई वाजली असेल. त्या काळाच्या चालीला धरूनच सगळे झाले. अशी लग्ने करणारे नाना एकटे नव्हते, हेही मला मान्य आहे. पण पन्नाशी उलटलेल्या कारभाऱ्याच्या घरात आठ-नऊ वर्षांची मुलगी येते तेव्हा ती कोणाची तरी लेक असते, आणि कोणीतरी बाप व्याह्याच्या नात्याने फडणिशीच्या दाराशी उभा राहतो. त्या बापाला काय मिळाले असेल, हा प्रश्न नाटक पाहिल्यावरच मला सुचला. नाटक इतिहास सांगत नाही, हे खरे. पण इतिहासाला काय विचारायचे, ते नाटकाने सांगितले.

नानांनी स्वतःच्या तारुण्याचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. मराठीतल्या जुन्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. पानिपतावरून जीव घेऊन सुटले तिथपर्यंतची हकीकत त्यात आहे, आणि मनाच्या दुर्बलतेविषयीही त्यांनी लिहिले आहे. नानांना मन होते, पश्चात्ताप होता. त्यांचे मेणवलीचे दप्तर साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी उजेडात आणले, म्हणून त्यांचा कारभार आपल्याला ठाऊक आहे. मोठ्या माणसाची इच्छा, त्याचे दुःख, त्याची चूक, सगळे कागदावर येते. ज्यांच्यावर ती इच्छा चालते त्यांची हकीकत पेन्शनच्या नोंदीएवढी उरते. नाटकातही तेच आहे. गौरीच्या नावावर सारे चालते, आणि तिच्या वाट्याला बोलणे फार थोडे आहे. ती हसते, नाचते, आणि मग ती मेल्याचे कळते. तेंडुलकरांनी तिला मुद्दाम गप्प ठेवले असावे असे मला वाटते. सौदा दोघांचा आहे. जी वस्तू दिली-घेतली जाते तिला कोण विचारतो?

‘दिली’ हा शब्द मला त्या दिवसांत फार सलत होता. आपल्या मराठीत मुलीचे लग्न होत नाही, मुलगी देतात. ‘थोरली कुठे दिली?’ ‘धाकटी कऱ्हाडला दिली.’ घाशीरामाने मुलगी दिली, नानांनी कोतवाली दिली. दोन्हीकडे क्रियापद एकच आहे.

माझी आत्या तासगावकडे दिली. ती सोळा वर्षांची होती. ज्यांना दिली ते वयाने बरेच मोठे, पहिली बायको वारलेली, दोन लहान मुले, द्राक्षाची बाग, आणि चार ठिकाणी वजन. आमच्या घरी तेव्हा कोरडवाहू जमीन आणि कर्ज होते. माझे वडील दहावी होऊन घरी बसले होते. लग्नानंतर वर्षाच्या आत वडिलांना एका संस्थेत नोकरी लागली. त्या नोकरीवर आमचे घर उभे राहिले, आणि मी सांगलीत बी. ए. करते तेही त्याच नोकरीवर. आमच्याकडे हे कोणी सौदा म्हणत नाही. ‘पाहुण्यांनी हात दिला’ असे म्हणतात. हात खरोखरच दिला. आत्याचे यजमान वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला मारले नाही, उपाशी ठेवले नाही. गेल्या काही वर्षांपूर्वी ते वारले. दर भाऊबीजेला वडील तिच्यासाठी साडी घेऊन तासगावला जातात. ताट वाढले तर चार घास खातात आणि दुपारच्या एस. टी.ने परत निघतात. एवढे प्रेम असून ते तेथे रात्री कधी का राहत नाहीत, हे मला लहानपणी कळत नसे.

घाशीरामाला मी राक्षस म्हणू शकत नाही ते यामुळे. कोतवाल झाल्यावर तो ज्यांनी छळले त्यांना छळतो तेव्हा प्रेक्षकालाही क्षणभर बरे वाटते, मलाही वाटले. गरिबाच्या अपमानाला काही मोल असावे असे कोणाला वाटणार नाही? पण त्याच्याकडे विकायला एकच वस्तू होती आणि ती त्याची नव्हती. येथे सत्तेची खरी करामत दिसते. नानांना कोणावर जबरदस्ती करावी लागत नाही. ज्याला गरज आहे तो स्वतःच दाराशी येतो, आणि रित्या हाताने येत नाही. श्रीमंताची वासना आणि गरिबाची गरज यांची गाठ पडली की मधल्यामध्ये एक मुलगी जाते. त्यानंतर दोघेही म्हणू शकतात की आम्ही कोणावर बळजबरी केली नाही. दगड मात्र दोघांवर पडत नाहीत. ते घाशीरामावरच पडतात. वाडा तसाच उभा राहतो.

सुट्टीच्या दिवशी मी बहुधा आत्याकडे जाते. चित्रपटानंतरच्या रविवारी ती बेदाणा निवडत बसली होती. मी शेजारी बसून तिला सगळी गोष्ट सांगितली. कोतवाली, भिंत, दगड, सगळे. तिने हात न थांबवता ऐकून घेतले. मग विचारले, “त्या पोरीची आई कुठं हुती गं?”

मला उत्तर सुचेना. बारा माणसांची भिंत मी नीट पाहिली होती, नानांची पावले पाहिली होती, घाशीरामाचे डोळे पाहिले होते. हा प्रश्न मला पडला नव्हता, वसतिगृहातही कोणाला पडला नव्हता. मीच उलट विचारले, “आत्या, तुझ्या लग्नाच्या वक्ताला आजी कुठं होती?”

“आमची आई? चुलीम्होरं. लाडू वळत हुती. डोळं फुंकणीनं लाल झालं म्हनायची.”

“आणि तुला कोणी विचारलं नाही?”

“न्हाई बग. इचारलं असतं तर मी न्हाई म्हनलं असतं का, ते बी मला ठावं न्हाई. घरात दाना नव्हता. पर इचारायला पायजे हुतं.” एवढे बोलून तिने निवडलेला बेदाणा डब्यात भरला आणि माझ्यापुढे सरकवला. “पोरींनाबी दे हास्टेलात.”

टीकाकारांनी ‘घाशीराम’वर पुष्कळ लिहिले आहे. सत्ता, जात, लोककला, ब्रेख्त, सर्व काही त्यात येऊन गेले. त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. पण आत्याचे ते दोन शब्द, ‘इचारायला पायजे’, मला सर्वांत खरे वाटतात. तिने कोणाला दोष दिला नाही. नकार दिला असता असाही दावा केला नाही. फक्त विचारायला हवे होते, एवढेच तिचे म्हणणे. गौरीला विचारले असते तर ती कदाचित बापाच्या सूडासाठी हो म्हणाली असती. जिऊबाईला विचारायचे तर तिला प्रश्नच कळला नसता, इतकी ती लहान होती. आणि म्हणूनच तो विचारता कामा नये, हे विचारणाऱ्याला कळले असते. न विचारण्यात सगळ्यांची सोय असते.

नानांच्या थोरवीबद्दल माझे मत या चित्रपटाने बदलले नाही. खर्डा खर्डाच आहे. यापुढेही पाहुण्यांना मी मेणवली दाखवीन आणि साताऱ्याचा जन्म अभिमानाने सांगेन. फक्त माझा पाढा आता थोडा लांब होईल. वाड्यात शिरल्यावर मी जिऊबाईचे नाव सांगेन, आणि तिचे तेव्हाचे वय सांगेन. तेवढ्याने नाना लहान होत असतील असे मला वाटत नाही. आणि होत असतील, तर ते त्या मुलीच्या वयामुळे होतील, माझ्या सांगण्यामुळे नव्हे.

जाता जाता एक. माझे हे शेवटचे वर्ष. घरी स्थळे येऊ लागली आहेत. त्यांतल्या एका स्थळाकडून असे कळवण्यात आले की आमच्या धाकट्याच्या नोकरीचेही बघता येईल. मंडळी चांगली आहेत, मुलगा शिकलेला आहे, वयातही फार अंतर नाही. धाकटा दोन वर्षे घरी बसून आहे आणि त्याचे तोंड मला बघवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा हा विषय निघायची मी वाट पाहत होते. तो निघेना. शेवटी जेवताना मीच म्हटले, “बाबा, त्यांना काय कळवायचं ते मला विचारून कळवा. आणि नोकरीचं बोलणं निराळं ठेवा.”

आई वाढता वाढता थांबली. बाबा काही बोलले नाहीत. हात धुऊन आल्यावर त्यांनी विचारले, “तुझी परीक्षा कधी आहे?”

मी तारीख सांगितली. त्यांनी ती कॅलेंडरवर लिहून ठेवली.